सकाळचे सँडविच घरी: पहिल्यांदा करून पाहणाऱ्यांसाठी

नागपुरात नाश्त्याचा विषय निघाला की बोलणे तर्री पोह्यांवर येऊन स्थिरावते, आणि त्यात गैर काही नाही. मात्र ज्यांना सातच्या आत हिंगणा एमआयडीसीकडे निघायचे असते, ज्यांच्या मुलांची शाळा उन्हाच्या धास्तीने सकाळीच भरते, किंवा जे शिक्षणासाठी बजाजनगरात खोली घेऊन राहतात आणि ज्यांच्याजवळ एक शेगडी व एक तवा यांपलीकडे फारसे काही नाही, त्यांना रोज ठेल्यावर उभे राहणे जमत नाही. शिवाय रोजची तर्री प्रत्येकाच्या पोटाला मानवतेच असेही नाही. अशा घरांसाठी सँडविच हा सोयीचा पदार्थ आहे. तो सोपा समजला जातो, आणि म्हणूनच बहुधा निष्काळजीपणे केला जातो.

मी मूळचा तुमसरचा. लग्नानंतरही चहा करण्यापलीकडे माझी मजल गेलेली नव्हती. मुलगी पहिलीत गेली, पत्नीची सकाळपाळी सुरू झाली आणि नाश्त्याचा डबा माझ्या वाट्याला आला. पहिल्याच दिवशी मी मोठ्या हौसेने काकडी, टमाटर आणि हिरवी चटणी घातलेले सँडविच डब्यात भरून दिले. दुपारी डबा परत आला तेव्हा खालच्या स्लाइसचा लगदा झाला होता, चटणीचा हिरवा रंग ब्रेडच्या आरपार उतरला होता आणि डब्याच्या एका कोपऱ्यात चमचाभर लालसर पाणी साचले होते. मुलगी एवढेच म्हणाली, “बाबा, उद्या पोळी दे.” त्या चमचाभर पाण्याने मला पुढचे दोन महिने पुरेल इतका अभ्यास दिला. हे पाणी कुठून येते आणि ते ब्रेडपर्यंत पोहोचू नये म्हणून काय करावे, हे कळल्यावर बाकीची कृती आपोआप जागेवर आली. पुढील सर्व पायऱ्या त्याच दृष्टीने मांडल्या आहेत.

मापे दोन मोठी माणसे आणि एक लहान मूल यांना पुरतील अशा चार सँडविचची आहेत.

1. साधने आणि साहित्य जमवावे

साधनांसाठी बाजारात धावण्याची गरज नाही. बहुतेक वस्तू घरात असतात:

- पोळ्यांचा लोखंडी तवा आणि सराटा (पुण्याकडून आलेले वाचक याला उलथणे म्हणतात)
- दातेरी पात्याची सुरी
- वजन म्हणून ठेवण्यासाठी सपाट बुडाचा लहान गंज (म्हणजे पातेले)
- पापड भाजण्याची तारेची जाळी
- मिक्सरचे चटणीचे भांडे
- स्वच्छ सुती कापडाचे दोन तुकडे

साहित्य: ब्रेडच्या 8 स्लाइस, 2 मध्यम आलू, 1 कोवळी काकडी, 2 घट्ट टमाटर, 1 लहान कांदा, साधारण 40 ग्रॅम खारे बटर, चाट मसाला आणि हिरवी चटणी. चटणीसाठी सांभाराची 1 जुडी, तिच्या निम्मा पुदिना, 3 हिरव्या मिरच्या, आल्याचा पेराएवढा तुकडा, 2 मोठे चमचे फुटाण्याची डाळ, अर्धा चमचा जिरे, मीठ आणि अर्धे लिंबू लागते. बीट ऐच्छिक आहे. उकडलेले बीट चवीला चांगले लागते, परंतु शेजारच्या प्रत्येक वस्तूला रंग देते आणि शाळेचा पांढरा शर्ट त्यातून सुटत नाही.

नागपुरात नव्याने आलेल्यांसाठी एक खुलासा आवश्यक आहे. येथे सांभार म्हणजे कोथिंबीर. गोकुळपेठेच्या बाजारात भाजीवालीने “सांभार देऊ का?” असे विचारले की नवीन माणूस इडलीच्या आठवणीने गोंधळतो आणि “नको” म्हणून कोथिंबिरीशिवाय घरी परततो. जुडी घेताना ती हातात धरून झटकावी. पाणी मारून ताजी दाखवलेली जुडी लगेच ओळखू येते. तशी जुडी घेतल्यास घरी आल्याबरोबर कापडावर पसरून वाळवावी, अन्यथा दुसऱ्या दिवशी तिची पाने काळी पडतात.

2. ब्रेड निवडावा आणि नीट ठेवावा

या पायरीवर घाई करू नये, कारण ब्रेडच वाईट निघाला तर पुढील कौशल्याचा उपयोग होत नाही. पाकिटावर प्रथम तारीख पाहावी, नंतर घटकांची यादी वाचावी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, त्यामुळे यादीत जे पहिले, तेच ब्रेडमध्ये सर्वांत अधिक. ब्राऊन ब्रेड या नावावर विसंबून राहू नये. अनेकदा त्यात पहिला घटक मैदाच असतो आणि तपकिरी रंग कॅरमेलचा असतो, ज्याचा उल्लेख यादीच्या शेवटी 150 या आकड्याने सुरू होणाऱ्या क्रमांकाने केलेला आढळतो. आपल्याला खरोखर गव्हाचा ब्रेड हवा असेल तर गव्हाचे पीठ पहिल्या क्रमांकावर आहे का आणि त्यापुढे किती टक्के लिहिले आहे, हे पाहणे पुरेसे आहे.

केवळ सँडविचच्या दृष्टीने विचार केला तर माझे मत मैद्याच्या घट्ट विणीच्या ब्रेडकडे झुकते, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. अतिशय मऊ, दाबला की तळहाताएवढा होणारा ब्रेड दुधात बुडवून खायला बरा. चटणीचा भार त्याला सोसत नाही. एक दिवसाचा ब्रेड अगदी ताज्यापेक्षा चांगला, कारण त्याचा पृष्ठभाग थोडा कोरडा झालेला असतो, बटर लावताना तो फाटत नाही आणि भाजताना लवकर कुरकुरीत होतो. बेकरीतून आणलेला ताजा ब्रेड चवीला सरस असतो, परंतु पाकिटबंद ब्रेडमध्ये बुरशी रोखण्यासाठी घातलेले कॅल्शियम प्रोपिओनेट, म्हणजे यादीतील क्रमांक 282, त्यात असेलच असे नाही. तेव्हा तो दोन दिवसांत संपवावा.

आता ठेवण्याविषयी. येथे बहुतेक घरांत एक गैरसमज आहे आणि तो माझ्याही घरात होता. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवलेला ब्रेड बुरशीपासून वाचतो, हे खरे. पण तो शिळा मात्र लवकर होतो. भट्टीत फुगून मऊ झालेले पिठातील स्टार्च थंडावल्यावर हळूहळू पुन्हा कडक रचना धरू लागते, आणि ही क्रिया खोलीच्या तापमानापेक्षा फ्रीजमधील चार-पाच अंशांना अधिक वेगाने होते. फ्रीझरमध्ये, जेथे सर्वच गोठते, ती जवळजवळ थांबते. म्हणून पाकीट आणल्याच्या दिवशीच दोन दिवसांपुरत्या स्लाइस बाहेर ठेवाव्यात आणि उरलेल्या घट्ट बंद पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाकाव्यात. त्या महिनाभर सहज टिकतात. सकाळी हव्या तेवढ्या काढून जाळीवर उभ्या केल्या की दहा मिनिटांत सैल होतात. मे महिन्यात तर पाचही पुरतात.

आपल्या शहरासाठी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पारा 45 अंशांपलीकडे गेल्यावर ब्रेड वाळेल, त्याला बुरशी कशी लागेल, असे कोणालाही वाटते. परंतु त्याच दिवसांत घराघरांत कुलर दिवसरात्र चालतो, त्याची दमट हवा स्वयंपाकघरापर्यंत येते, आणि ओट्यावर उघडे राहिलेले पाकीट तिसऱ्या दिवशी हिरवे ठिपके दाखवते. पाकीट कुलरच्या झोतापासून दूर, बंद कपाटात ठेवावे. एका स्लाइसवर ठिपका दिसला तर ती काढून बाकीच्या वापरू नयेत. बुरशीचे तंतू मऊ ब्रेडमध्ये डोळ्यांना दिसतात त्याहून बरेच खोल पसरलेले असतात. संपूर्ण पाकीट टाकून द्यावे, आणि ते हुंगूनही पाहू नये.

3. आदल्या रात्री पंधरा मिनिटे द्यावीत

सकाळी वेळ अपुरा पडतो याचे कारण बहुधा रात्रीचे काम सकाळवर ढकललेले असते. रात्री दोनच गोष्टी कराव्यात: आलू उकडून ठेवावेत आणि चटणी वाटावी.

आलू सालासकट कुकरमध्ये तीन शिट्ट्यांवर उकडावेत. वाफ गेली की लगेच पाण्यातून बाहेर काढावेत, कारण पाण्यात राहिलेला आलू पाणी शोषून घेतो. थंड झाल्यावर सालासकटच झाकून फ्रीजमध्ये ठेवावेत. रात्रभर थंड झालेला आलू सकाळी सुरीखाली सरळ, अखंड चकत्या देतो. गरम आलू कापायला गेल्यास त्याचा भुगा होतो आणि सुरीला पिठूळ थर चिकटतो.

चटणीकडे मात्र अधिक लक्ष द्यावे. माझ्या पहिल्या फसलेल्या डब्यात खरी दोषी तीच होती. आपण पोळीबरोबर खातो ती चटणी सैल असली तरी बिघडत नाही, पण सँडविचची चटणी लोण्यासारखी पसरणारी आणि जागेवर राहणारी हवी. सांभार देठांसकट घ्यावा. देठांतही सुगंध असतो आणि ते टाकून देणे हा निव्वळ अपव्यय आहे. धुतल्यावर सांभार व पुदिना कापडात गुंडाळून चांगला टिपून घ्यावा. मिक्सरच्या भांड्यात प्रथम फुटाण्याची डाळ व जिरे कोरडे फिरवून पूड करावी, नंतर मिरच्या, आले, मीठ आणि शेवटी पाने घालावीत. पाण्याऐवजी बर्फाचे दोन खडे टाकावेत. पात्याच्या घर्षणाने भांडे तापते आणि हिरवा रंग मळकट होतो, बर्फामुळे ते टळते. लिंबू अगदी शेवटी, चटणी काढून घेतल्यावर पिळावे, कारण आंबटपणाने हिरवा रंग हळूहळू शेवाळी होतो.

चटणी जमली की नाही हे पाहण्याची एक खात्रीची रीत आहे. स्टीलच्या ताटलीत चमचाभर चटणी ठेवावी, ताटली किंचित कलती करावी आणि मनात साठपर्यंत आकडे मोजावेत. चटणीच्या कडेने फिकट पाण्याची रेघ सुटून खाली ओघळू लागली, तर तेच पाणी उद्या ब्रेडमध्ये जाणार आहे असे समजावे आणि आणखी चमचाभर डाळीची पूड मिसळावी. डाळीची पूड पाणी धरून ठेवते. रेघ न सुटता चटणी ढिगाऱ्यासारखी स्थिर राहिली, तर ती झाकून फ्रीजमध्ये ठेवावी. तीन दिवस उत्तम राहते. जास्त केली असल्यास बर्फाच्या साच्यात गोठवावी आणि एका वेळी दोन खडे काढावेत. गोठवलेली चटणी वितळल्यावर थोडे पाणी सोडते, तेव्हा लावण्यापूर्वी ते ओतून द्यावे.

ज्यांना हिरव्या चटणीऐवजी लाल, झणझणीत चव हवी असेल त्यांनी लसणाच्या दहा पाकळ्या, दोन चमचे भिवापुरी मिरचीचे तिखट, मीठ आणि थोडे तेल एकत्र कुटून घ्यावे. ही चटणी जवळजवळ कोरडी असल्याने पाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ती मुलांना देऊ नये आणि मोठ्यांनीही बेताने लावावी.

हिवाळ्यात बटर रात्रीच फ्रीजबाहेर काढून ठेवावे, कारण डिसेंबरच्या पहाटे ते दगडासारखे असते आणि स्लाइस फाडते. उन्हाळ्यात याच्या उलट, वापराच्या पाच मिनिटे आधीच काढावे.

4. सकाळी भाज्या कापाव्यात, पण मीठ लावू नये

काकडीची दोन्ही टोके कापून एक चकती प्रथम स्वतः चाखावी. कडू निघाली तर तिला उपाय नाही, दुसरी घ्यावी. चकत्या पोळीच्या जाडीपेक्षा थोड्या जाड, म्हणजे दोन ते तीन मिलिमीटर असाव्यात. कागदासारख्या पातळ काकडीतून पाणी लवकर सुटते आणि बोटाएवढी जाड चकती सँडविच चावताना एका बाजूने बाहेर घसरते.

टमाटराच्या चकत्या कापून झाल्यावर त्यांतील बियांचा गर चमच्याच्या टोकाने काढून टाकावा. माझ्या मुलीच्या डब्यात साचलेले लालसर पाणी या गराचे होते. काढलेला गर फेकू नये, तो दुपारच्या वरणात घालावा. काकडी आणि टमाटर या दोहोंच्या चकत्या कापडावर एका थरात पसरून वरून दुसरे कापड हलके दाबावे. कांदा सर्वांत शेवटी कापावा, कारण कापून ठेवलेल्या कांद्याला थोड्याच वेळात उग्र वास येतो.

येथे नवखा माणूस हमखास एक चूक करतो: कापलेल्या भाज्यांवर तो मीठ भुरभुरतो. मीठ काकडीतील पाणी बाहेर ओढते. कोशिंबीर थोड्या वेळाने पातळ होते तीही याच कारणाने. सँडविचला लागणारे मीठ खाऱ्या बटरमध्ये आणि चटणीत आधीच असते. चाट मसाल्यातही मीठ व काळे मीठ असते, म्हणून तो काकडीवर न घालता आलूवर घालावा. आलू कोरडा असल्याने मसाला शोषून घेतो आणि चवही अधिक खुलते.

5. थर ठरावीक क्रमाने लावावेत

सर्व आठ स्लाइस ओट्यावर जोडीने उघडाव्यात, पुस्तकाची दोन पाने उघडल्यासारख्या, म्हणजे बंद करताना कडा एकमेकींशी जुळतात. प्रत्येक स्लाइसच्या आतल्या बाजूस बटर लावावे आणि ते थेट कडेपर्यंत न्यावे. बटर चवीसाठी असते, असा आपला समज असतो. येथे त्याचे खरे काम मेणकापडाचे आहे. त्यातील स्निग्धांश पाण्याला वाट देत नाही. मध्यभागी गोळा लावून कडा कोरड्या सोडल्या तर पाणी त्या कडांतूनच शिरते. घरचे पांढरे लोणी वापरायचे असल्यास ते आधी हाताने दाबून त्यातील ताक काढून टाकावे, नाहीतर ज्याला अडवायचे तेच आपण लावून बसतो.

बटरनंतर चटणी, तीही एकाच स्लाइसला. दोन्हीकडे चटणी लावण्याचा मोह आवरावा. चटणीवर आलूच्या चकत्या एकमेकींवर किंचित चढवून ठेवाव्यात आणि त्यांवर चाट मसाला घालावा. त्यानंतर काकडी, मग टमाटर, मग कांदा, आणि शेवटी दुसरी स्लाइस, जिला केवळ बटर लावलेले आहे. आलू खाली आणि ओल्या भाज्या मध्ये, हा क्रम मुद्दाम आहे: खाली उतरणारे पाणी आलू झेलतो. चीज वापरायचे असेल तर त्याची चकती टमाटर आणि वरची स्लाइस यांच्या मध्ये घालावी.

भरण किती असावे? बंद केलेले सँडविच हाताने हलके दाबल्यावर कडेने काहीही बाहेर डोकावू नये, एवढेच. ठेल्यावरच्या सँडविचची उंची घरी गाठण्याचा प्रयत्न करू नये. तेथे ते समोर उभे राहून लगेच खाल्ले जाते, आपल्याला ते तासाभराने कोणाला तरी बसमध्ये खायचे असते.

भाजायचे नसेल तर सँडविच येथेच तयार आहे. दातेरी सुरी न दाबता, करवतीसारखी पुढेमागे चालवून तिरपे दोन तुकडे करावेत.

6. तव्यावर मंद आचेवर भाजावे

तवा मध्यम आचेवर दोन मिनिटे तापवावा आणि सँडविच ठेवण्यापूर्वी आच अगदी मंद करावी. लोखंडी तवा एकदा तापला की उष्णता बराच वेळ धरून ठेवतो, त्यामुळे पोळीसाठी ठेवतो तेवढी आच येथे नको. बाहेरच्या बाजूला बटरचा अतिशय पातळ हात फिरवून सँडविच तव्यावर ठेवावे आणि त्यावर तळाशी थोडे पाणी घातलेला लहान गंज ठेवावा. हे वजन ब्रेडला तव्याशी सर्वत्र टेकवून ठेवण्यापुरते असते. सराट्याने जोरात दाबल्यास भाज्यांचे पाणी पिळून निघते.

ब्रेडच्या पृष्ठभागात ओल आहे तोपर्यंत त्याचे तापमान शंभर अंशांच्या फारसे वर जात नाही आणि रंगही येत नाही. ओल उडून गेल्यावरच तांबूस रंग आणि खमंग वास येऊ लागतो. मंद आचेवर या प्रक्रियेला अडीच ते तीन मिनिटे लागतात, आणि तेवढ्या वेळात आतील आलूही गरम होतो. मिनिटभरातच खालची बाजू काळपट झाली, तर ती बटरमधील दुधाचा अंश जळाल्याची खूण आहे. आच मोठी आहे असे समजावे. अशा सँडविचचा बाहेरचा भाग कडवट आणि आतला गार राहतो. ज्यांना आचेचा अंदाज येत नाही त्यांनी बाहेरून बटरऐवजी तूप लावावे, कारण तुपात दुधाचा हा अंश नसतो आणि ते सहज जळत नाही.

पहिली बाजू झाली की उलटून दुसरी दोन मिनिटे भाजावी. त्यानंतरची एक कृती मला कोणी सांगितली नव्हती. भाजलेले सँडविच थेट ताटात ठेवले की खालून निघणारी वाफ ताटाला लागून पाणी होते आणि इतक्या परिश्रमाने कुरकुरीत केलेली बाजू पुन्हा मऊ पडते. ताट उचलून पाहिल्यास सँडविचच्या आकाराचा ओला चौकोन स्पष्ट दिसतो. म्हणून ते तारेच्या जाळीवर एक मिनिट ठेवावे. जाळी नसेल तर दोन सँडविच तंबूसारखी एकमेकांना टेकवून उभी करावीत आणि मगच कापावीत.

7. टोस्टर असल्यास

गॅसवर धरायचा, दोन पाट्यांचा हातातला टोस्टर वसतिगृहात किंवा एका खोलीत राहणाऱ्यांना उपयोगी आहे. त्याच्या पाट्या ब्रेडच्या कडा दाबून बंद करतात, त्यामुळे आतील वाफ बाहेर पडत नाही. याच कारणाने त्यात काकडी-टमाटर भरू नयेत. कुस्करलेल्या आलूची कोरडी भाजी, दोन मोठे चमचे, हे त्याचे योग्य भरण. हिवाळ्यात आदल्या दिवशीचे वांग्याचे भरीत उरले असेल तर ते तव्यावर परतून कोरडे करावे आणि पातीचा कांदा घालून भरावे. विदर्भाबाहेरच्या पाहुण्यांना ते आवडल्याचा माझा अनुभव आहे. दोन्ही बाजू मंद-मध्यम आचेवर प्रत्येकी दोन मिनिटे, अधूनमधून उलटत. कडी नीट लागली आहे ना, हे उलटण्यापूर्वी पाहावे.

विजेचा टोस्टर आधी पूर्ण तापू द्यावा आणि झाकण बळाने दाबू नये. झाकणाच्या फटीतून येणारी वाफ कमी झाली की सँडविच झाले असे समजावे. वसतिगृहात असा टोस्टर वापरायला परवानगी आहे का, हे घेण्यापूर्वी विचारून घ्यावे.

8. अंडे खाणाऱ्यांसाठी

दोन अंडी, बारीक कांदा, मिरची, सांभार आणि मीठ एकत्र फेटून तेल लावलेल्या मध्यम गरम तव्यावर पसरावीत. वरचा भाग ओला असतानाच दोन स्लाइस शेजारी शेजारी, कडेला कड लावून ठेवाव्यात, लगेच उचलून उलटाव्यात, म्हणजे त्यांच्या दोन्ही बाजूंना अंडे लागते. मिनिटभराने सराटा खाली घालून सर्व एकत्र उलटावे, बाहेर आलेल्या ऑम्लेटच्या कडा आत मुडपाव्यात आणि एक स्लाइस दुसरीवर मिटावी. स्लाइस एकमेकींपासून दूर ठेवल्या तर मिटताना ऑम्लेट फाटते. डब्यासाठी करायचे असेल तर अंडे मध्यभागीही पूर्ण शिजले पाहिजे. उकडलेले अंडे घालणार असाल तर उकळत्या पाण्यात दहा मिनिटे, नंतर थंड पाण्यात, आणि साल काढल्यावर कापडाने कोरडे करूनच कापावे.

9. डबा भरताना

गरम सँडविच डब्यात बंद करू नये. जाळीवर दहा मिनिटे गार होऊ द्यावे, मग कोरड्या सुती कापडात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवावे. फॉइल वाफ कोंडून ठेवते, म्हणून मी ते वापरणे सोडून दिले. वेळ असल्यास टमाटर वेगळ्या लहान डबीत द्यावा. मोठी माणसे तो ऐनवेळी आत सरकवू शकतात, मुले तो तसाच परत आणतात.

उन्हाळ्यात मात्र नियम बदलतो. उकडलेला आलू, अंडे, दही, मेयोनेज असलेले पदार्थ बाहेर दोन तासांहून अधिक ठेवू नयेत, आणि हवेचे तापमान 32 अंशांपेक्षा जास्त असल्यास ही मुदत एका तासावर येते. एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत नागपुरात सकाळी नऊनंतर हीच स्थिती असते, आणि शाळेची मधली सुट्टी साधारण त्याच सुमारास होते. या अडीच महिन्यांत डब्यासाठी बटर आणि फल्लीदाण्याची (शेंगदाण्याची) किंवा जवसाची कोरडी चटणी एवढेच भरण ठेवावे. आलूचे सँडविच घरी बसून खाणाऱ्यांसाठी करावे.

10. उरलेल्या कडा

मुलांसाठी कडा कापून टाकण्याची सवय असेल तर त्या सँडविच बंद केल्यावर कापाव्यात, आधी नव्हे, म्हणजे चारही बाजू सारख्या होतात. कापलेल्या कडांना चटणी लागलेली नसेल तर त्या ताटात पसरून, वर जाळीचे झाकण ठेवून गच्चीवर ठेवाव्यात. मे महिन्यात सकाळी आठला ठेवलेल्या कडा दुपारी जेवणाआधी खडखडीत वाळलेल्या असतात. पावसाळ्यात त्या मंद तव्यावर फिरवाव्या लागतात. मिक्सरमधून काढलेला हा चुरा बरणीत भरून ठेवावा. रात्री उकडलेल्या आलूंपैकी एखादा उरला असेल, तर त्याच्या टिक्कीला बाहेरून लावायला तो कामी येतो.